अण्णांचा ढग

“फोटो झकास आहे, विरकरबाई. पण आभाळ कोरं आहे हो!”

अण्णा पालकरांनी खिशातून काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे काढले आणि माझ्या फोटोवर ठेवले. क्लबात कुणाचाही फोटो आला की ते तुकडे सरकवून, नको तो भाग झाकून, अण्णा शिकवायचे. माझ्या फोटोचं त्यांनी सगळं आभाळ झाकलं. खाली उरली घागरींची लांबलचक रांग आणि रांगेच्या टोकाला उन्हात बसलेली एक बाई.

“एक तर असं कापा. नाहीतर वर काहीतरी हवं. एवढी पांढरी जागा रिकामी सोडायची म्हणजे पाहुण्याला बोलावून नुसता भात वाढायचा.”

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

“आभाळ तसंच होतं, अण्णा. काही नव्हतंच त्यात.”

“तेव्हा नव्हतं. आता घालता येईल.” त्यांनी मान वळवली. “शाळिग्राम, बाईंना ढग द्या.”

माडीवर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग कुणीतरी टाळी वाजवली, पाठोपाठ सगळ्यांनीच वाजवल्या. माझं अभिनंदन चाललं होतं.

हा ढग काय प्रकार होता, ते सांगायला हवं. कऱ्हाडला शनिवार पेठेत एका छापखान्याच्या माडीवर आमचा कॅमेरा क्लब भरायचा, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. अण्णा अध्यक्ष, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी पसरणीच्या घाटात त्यांनी एका ढगाचा फोटो काढला होता. नुसता ढग. खाली ना जमीन, ना झाड. बुडाला काळाभोर, वर फुगत गेलेला, आणि एका बाजूने उजेडाची कड. देखणा होता, खोटं कशाला बोलू? तर त्या ढगाची निगेटिव्ह अण्णा डब्यात जपून ठेवायचे आणि ज्याचा फोटो मनात भरेल त्याला वापरायला द्यायचे. डार्करूममध्ये आधी आपला फोटो कागदावर उतरवायचा, मग फोटो छापायच्या यंत्रात अण्णांची निगेटिव्ह लावायची, खालचा भाग पुठ्ठ्याने झाकायचा आणि आभाळाच्या जागी ढग उतरवायचा. सेक्रेटरी शाळिग्रामचा त्यात हात बसला होता. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडायची नाही.

अण्णांनी ढग दिला म्हणजे तो माणूस शिकाऊ राहिला नाही, असा क्लबाचा शिरस्ता. त्यामुळे प्रीतिसंगमावर तो ढग, सदाशिवगडावर तो ढग, कुणाच्या बैलगाडीवर तोच ढग. कधी सरळ छापलेला, कधी उलटा. सगळ्यांना माहीत होतं, पण ते बोलून दाखवायची पद्धत नव्हती. ज्याला मिळाला तो खूश, ज्याला मिळाला नाही तो मिळायची वाट बघत बसलेला.

“मला नको,” मी म्हणाले.

“काय नको?”

“ढग.”

टाळ्या थांबल्या. अण्णांना वाटलं, मी लाजतेय.

“अहो घ्या हो. दोन वर्षांत ढग मिळवणारे फार नाहीत इथे.”

“लाजत नाहीय मी. नको म्हणतेय. अण्णा, मी दवाखान्यात दिवसभर लोकांच्या हाडांचे फोटो काढते. एकाच्या पायात दुसऱ्याचं हाड घालून दिलं, तर डॉक्टर मला दारात तरी उभी करतील का?”

“तो दवाखाना आहे,” शाळिग्राम म्हणाला. “इथं कला चालते.”

मी फोटो उचलला आणि पिशवीत घातला. डोक्यात नुसती तिडीक गेली होती. पण अण्णांवर फार वेळ रागावता यायचं नाही, हेही खरं. मला फोटोतलं काय येत होतं? एक्स-रेची फिल्म धुता यायची, बस्स. बाकी सगळं या माडीवर शिकले. ‘बाई, बटण दाबायच्या आधी चारी कोपरे बघा,’ हे अण्णांचंच. ‘माणूस कॅमेऱ्याकडे बघायचा थांबेपर्यंत थांबा,’ हेही त्यांचंच. माझे पहिले फोटो बघून त्यांनी तोंड वाकडं केलं नव्हतं. एकेक फोटो समोर धरून, यात काय चुकलं ते तुम्हीच सांगा, म्हणाले होते. मी सांगत गेले आणि शिकत गेले.

शिकले, पण निम्मंच. कारण डार्करूम मला बंद होती.

ती माडीच्या मागच्या बाजूला. फोटो मोठा करायचं यंत्र तिथेच. प्रदर्शनात लावायचा फोटो क्लबाच्या डार्करूममध्येच छापलेला हवा, असा नियम, आणि तिची किल्ली फक्त वार्षिक प्रदर्शनात पहिला नंबर काढणाऱ्याला मिळायची. मिळाली की कायमची. बाकीच्यांनी निगेटिव्ह शाळिग्रामच्या हवाली करायची. आता बाकीचे पुरुष सभासद त्याच्याबरोबर आत जाऊन उभे राहायचे, बघून बघून शिकायचे. मी विचारलं, तर शाळिग्राम गोरामोरा झाला.

“बंद अंधारी खोली, विरकरबाई. तुम्ही बाईमाणूस. लोक काय म्हणतील?”

“मी रोज अंधाऱ्या खोलीतच फिल्म धुते. बरोबर वॉर्डबॉय असतो. अजून तरी कुणी काही म्हणालं नाही.”

“तो दवाखाना हो.”

घ्या! दवाखान्यात मी बाई नव्हते, इथं आल्यावर झाले.

तेव्हा मला ती किल्ली हवी होती. जीव टाकला होता मी तिच्यावर. आपण काढलेलं चित्र ट्रेमधल्या पाण्याखाली कोऱ्या कागदावर हळूहळू वर येताना एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचं, दुसऱ्याच्या हातून आयतं घ्यायचं नाही, एवढंच मागणं होतं माझं. आणि घागरींचा फोटो काढला त्या क्षणी मला वाटलं होतं, हाच. हाच मला किल्ली देणार.

तो फोटो माझ्या गावचा, माण तालुक्यातला. त्या वर्षी आमच्याकडे पाऊस झालाच नव्हता. विहिरींनी तळ दाखवला होता आणि टँकर येईल तेव्हा येईल. बायका सकाळीच घागरी रांगेला लावायच्या आणि सावलीला जाऊन बसायच्या. मी सुट्टी काढून गेले होते. दुपारच्या एसटीने परतायला निघाले, तर वाटेत ती रांग लागली. एकही माणूस नाही, नुसत्या घागरी. आणि टोकाला एकटी बसलेली आई. घागर सोडून गेलं की कुणीतरी ती पायाने मागे सारतं, यावर आईचा पक्का विश्वास. म्हणून ती उन्हात बसलेली, पदर डोक्यावर, नजर रस्त्याकडे. मी चारी कोपरे बघितले. खाली घागरी आणि आई, वर सगळं पांढरं फटक. एक पाखरूसुद्धा नाही. मी बटण दाबलं. ‘येते गं,’ म्हणून ओरडले आणि एसटी गाठली.

ती बाई माझी आई आहे, हे मी क्लबात सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळ्यांनी ‘अरेरे’ केलं असतं. मला अरेरे नको होतं, मला नंबर हवा होता.

प्रदर्शनासाठी निगेटिव्ह देताना शाळिग्रामला मी दोनदा बजावलं.

“कोरंच छापा. वर काही घालायचं नाही.”

“हातची किल्ली घालवताय हं, बाई.”

“घालवीन. माझी मी बघून घेईन.”

त्याने छापलं, मी स्वतः बघितलं, पुठ्ठ्यावर चिकटवलं, मागे नाव लिहून दिलं. अगदी जसं हवं होतं तसं उतरलं होतं.

प्रदर्शन वाचनालयाच्या हॉलमध्ये होतं. ऑगस्ट उजाडला तरी आमच्याकडे पावसाचा पत्ता नव्हता. मी हट्टाने आईला गावाहून बोलावून घेतलं. भिंतीवर तुझा फोटो लागलाय म्हटल्यावर ती आधी ‘गप गं, चावट!’ म्हणाली. मग ठेवणीतलं जरीकाठी लुगडं नेसून, केसांना तेल लावून आली. तिची एसटी वाटेत बंद पडली, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा उद्घाटन उरकलं होतं आणि निकालही लागला होता. दारातच शाळिग्राम धावत आला.

“विरकरबाई, पहिला नंबर! अहो पहिला!”

मी आईचा दंड धरला आणि तिला गर्दीतून पुढे ओढत नेलं. समोरच्या भिंतीवर मधोमध माझा फोटो होता. खाली सोनेरी कागदाची पट्टी.

घागरींच्या रांगेवर अण्णांचा ढग दाटून आला होता.

काय सांगू? इतका बेमालूम बसवला होता की क्षणभर मलाच शंका आली. घागरींच्या काठांवर खरंच पाऊस पडणार, असं वाटत होतं. आईच्या दंडावरचा माझा हात सुटला. आई मात्र फोटोच्या अगदी जवळ गेली, खाली स्वतःला बघितलं, मग मान वर करून आभाळ बघितलं.

“शके, ह्यो पाऊस कवा आला हुता?”

“नाही आला, आई.”

“मग माझ्या डोस्क्यावर ह्ये काय?”

आईने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“काढ बाई ते. गावातलं कुनी आलं आन बघितलं तर? म्हनत्याल, आभाळ फाटायला आलं हुतं आन ही बया टँकरची वाट बघत बसली. याड लागलं हुतं का हिला?” तिने पदर पुढे ओढला. इतक्या हौसेने नेसलेल्या लुगड्यात ती चोरट्यासारखी उभी राहिली.

तिथे माझी तळपायाची आग मस्तकाला गेली.

अण्णा व्यासपीठाजवळ पुण्याहून आलेल्या परीक्षकांशी बोलत होते. टेबलावर तबक, तबकात नारळ, गुलाबाचं फूल आणि लाल रिबीन बांधलेली ती किल्ली. मला बघून अण्णांनी हात पसरले.

“या, या! हे बघा साहेब, आमच्या क्लबातल्या पहिल्या बाई.”

“अण्णा, तो फोटो माझा नाही.”

अण्णा हसत हसत माझ्या जवळ सरकले. “बाई, तमाशा नको. तुमच्या भल्यासाठीच केलं. कोऱ्या आभाळाला नंबर लागला नसता. किल्ली हवी होती ना तुम्हाला? घ्या आणि गप्प बसा.”

वाईट बुद्धीने बोलत नव्हते ते. हेच तर वाईट होतं. त्यांना खरोखर वाटत होतं की त्यांनी मला काहीतरी दिलंय.

परीक्षकांना आमची कुजबुज ऐकू गेली नव्हती. ते पुढे होऊन म्हणाले, “अभिनंदन! काय क्षण पकडलाय! खाली तहान आणि वर भरून आलेलं आभाळ. या ढगासाठी किती वेळ थांबला होतात?”

“मी नव्हते थांबले साहेब. अण्णा थांबले होते, पसरणीच्या घाटात.”

“म्हणजे?”

“या ना जरा माझ्याबरोबर. दाखवते.”

मी त्यांना भिंतीकडे घेऊन गेले. “हा आमचा दुसरा नंबर. प्रीतिसंगम. ढग बघा. हा तिसरा, बैलगाडी. ढग बघा, फक्त उलटा छापलाय. हा सदाशिवगड. हे कोयनेचं पाणी. हे कुणाच्या तरी शेतावरचं खोपट.” एकेका फोटोवर बोट ठेवत मी चालले होते. मागून लोक यायला लागले. दोन कॉलेजच्या पोरी फिस्सकन हसल्या आणि मग आख्खा हॉल हसायला लागला. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“पालकर, हे काय आहे?”

अण्णांचा चेहरा पडला होता. पण माणूस ताठ.

“त्यात चोरी काय आहे?” ते म्हणाले. “आभाळ सगळ्यांचं असतं.”

“सगळ्यांचं असतं ना? मग माझं मला ठेवू द्यायचं होतं,” मी म्हणाले. “माझ्या आभाळात ढग नव्हता, अण्णा. म्हणून तर त्या घागरी रांगेला होत्या. म्हणून तर माझी आई तिथं उन्हात बसली होती.”

“आई?” अण्णा म्हणाले.

मी मागे हात केला. आई भिंतीला टेकून उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, मग फोटोकडे बघितलं. हसणं थांबलं.

शाळिग्रामने गडबडीत तबक उचलून माझ्यासमोर धरलं. काहीतरी करून विषय मिटवावा, असं त्याला वाटत असावं. किल्ली माझ्या हाताच्या अंतरावर होती. नुसती बोटं पुढे केली असती तर माझी होती. मला अजूनही ती हवी होती, हे मी लपवणार नाही.

“पहिला नंबर तुमच्या ढगाला आलाय, अण्णा. किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. माझा फोटो कुठाय?”

शेवटी शाळिग्राम खाली मान घालून गेला आणि कपाटामागून माझा फोटो घेऊन आला. कडेला धूळ बसली होती. मी पदराने पुसला. ढगाचा फोटो भिंतीवरून काढून अण्णांच्या हातात दिला आणि त्याच खिळ्यावर माझा लावला. सोनेरी पट्टीही काढून दिली.

“निकाल जाहीर झालाय,” परीक्षक अवघडून म्हणाले. “मला आता याला नंबर देता यायचा नाही.”

“मागितलाय कुणी?”

मी आईजवळ गेले. या लोकांसमोर मला रडायचं नव्हतं. “चल आई. परत यांच्या दारात पाऊल टाकायची नाही मी.”

पण आई जागची हलेना. ती फोटोसमोर जाऊन उभी राहिली होती. तिने आता पदर मागे सारला होता.

“आता बरं हाय,” ती म्हणाली. “असंच हुतं.”

परीक्षकही तिच्याशेजारी येऊन थांबले. बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, “आजी, या तुम्हीच ना?”

“मी न्हाईतर कोन? ही कडंची घागर बी माझीच.”

“मग मिळालं का पाणी?”

“कुठलं?” आई म्हणाली. “टँकर आलाच न्हाई त्या दिशी.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. मला हे माहीत नव्हतं. मी तर दुपारच्या एसटीने निघून आले होते. टँकर आला असेल, घागर भरली असेल, असंच धरून चालले होते.

“मग काय केलंत?”

“काय करायचं? बाकीच्या बायकांनी दिवेलागणीला घागरी उचलल्या आन गेल्या घरला. मला बी म्हनल्या, चल. मी न्हाई गेले. दुसऱ्या दिशी उजाडायला आला टँकर.”

“रात्रभर तिथेच बसलात? एकट्या?”

आईला त्यांच्या विचारण्याचं नवल वाटलं.

“मंग? उठले असते तर जागा गेली असती की.”

एवढं बोलून ती फोटोकडे वळली आणि बोटाने कुठली घागर कुणाची ते परीक्षकांना सांगायला लागली. अण्णा ढगाचा फोटो हातात धरून मागे उभे होते. घरी येईपर्यंत मी आईशी बोलले नाही. तिला वाटलं, मी तिच्यावरच चिडलेय.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी छापखान्याचा जिना चढले. वर बोलणं चाललं होतं, ते मला बघून तोडल्यासारखं थांबलं. मी दोन वर्षं ज्या खुर्चीवर बसायची, तिच्यावर शाळिग्रामने स्वतःची पिशवी ठेवली होती. मी ती उचलली, त्याच्या मांडीवर ठेवली आणि बसले.

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं.

“आलात?”

“आले तर! फोटो आणलाय,” मी म्हणाले आणि टेबलावर ठेवला.